शाळेमागचा पडीक गुंठा



आज मी तुमच्याशी एका गुंठ्याविषयी बोलणार आहे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद एवढीच जागा. एकराचा चाळिसावा हिस्सा. दहा-पाच एकर कसणाऱ्या शेतकरी बंधूंना एवढ्याशा तुकड्याचे काय, असे वाटेल. पण आपल्या खेड्यापाड्यांतून शाळेच्या मागे, चावडीच्या बाजूला, घराच्या परसात असा एखादा गुंठा हमखास पडून असतो. त्यावर गाजर गवत माजलेले असते, कडेला घाणेरीचे जाळे असते, मधे फुटक्या कौलांचा ढीग असतो, आणि गावातली शेळी सोडली तर तिकडे कोणी फिरकत नाही. शाळेत दुपारी मुलांना पोषण आहार मिळतो. त्या आहारात पडणारी मेथी, मुळा, कोथिंबीर ह्या जागेतून निघाली तर काय बहार होईल, असा विचार पुष्कळ शिक्षकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. पण तो अमलात आणताना आपण घाई करतो आणि फसतो. मी स्वतः फसलो आहे, म्हणून सांगतो.

मी प्राथमिक शाळेत मास्तरकी करीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेमागे असाच एक गुंठा होता. जून महिना, पहिला पाऊस झालेला. मुलांचा उत्साह दांडगा. मी एका ओळखीच्या गृहस्थांचा ट्रॅक्टर बोलावला, मागे रोटाव्हेटर होता. अर्ध्या तासात सगळे गवत मातीत कालवले गेले. जमीन अशी भुसभुशीत झाली की हात फिरवावा. आम्ही सरी काढून भेंडी लावली, गवार लावली. मुलांनी आपापल्या ओळीला नावाच्या पाट्या लावल्या. आणि तीन आठवड्यांनी पाहतो तो सगळा गुंठा हिरवागार! मात्र ती भेंडी नव्हे, गवार नव्हे. हरळी आणि लव्हाळा! पाट्या तेवढ्या वर दिसत होत्या. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, आपण भेंडी लावली होती ना? मग हे गवत कोणी पेरलं?"

मंडळी, ते मीच पेरले होते. हरळीचे खोड जमिनीखाली आणि जमिनीवर धावत असते आणि त्याला पेरापेराला डोळा असतो. यंत्राच्या पात्यांनी त्या खोडाचे बारीक तुकडे केले, गुंठाभर पसरले, वरून पावसाने पाणी घातले. ज्या तुकड्याला पेर, त्याला कोंब. उसाची कांडी लावावी तशी मी हरळीची लागण केली होती!

त्या दिवशी मी एक धडा शिकलो. पडीक जमीन वरून साफ दिसली म्हणजे साफ झाली असे नाही. जिंकायचे असते ते मातीखाली. आणि दुसरा धडा असा की, जेवढी जागा राखता येईल तेवढीच उघडावी. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचे सार ह्या दोन वाक्यांत आहे. आता ते कामाला कसे लावायचे ते क्रमाने सांगतो.

पहिले काम कुदळीचे नाही, डोळ्यांचे आहे. पौष-माघात, हवा थंड असताना, त्या तुकड्याभोवती सावकाश फिरा. पाणी कोठून येते, कोठे साचते ते गावातल्या जाणत्याला विचारा. झाडाची सावली सकाळी कोठे पडते, दुपारी कोठे, ते मुलांकडून लिहून घ्या. भाजीला दिवसाचे सहा तास तरी ऊन लागते. पालेभाजीचे थोड्या कमीवर भागते, पण टोमॅटो-वांग्याचे भागत नाही. जागा शाळेची की पंचायतीची, हेही आधी पाहा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला. खपून जमीन नीट करावी आणि मग कोणी हरकत घ्यावी, ह्यापरते दुःख नाही.

मग तेथे काय काय उगवले आहे ते पाहा. तण म्हणजे नुसता शत्रू नव्हे, तो जमिनीची खबरही देतो. लव्हाळा दाट असेल तर ती जागा बहुधा ओलसर, पाणी धरणारी असते. घोळ आणि माठ माजले असतील तर तेथे पूर्वी उकिरडा किंवा गोठा असण्याचा संभव असतो. ती माती कसदार समजा. काळ्या भारी रानात कुंदा दिसला तर सावध व्हा, कारण त्याची मुळे फार खोल जातात. ह्या कामी घरातल्या आज्यांना शाळेत बोलवावे असे मी शिक्षकांना मुद्दाम सुचवीन. टाकळा कोणता, कुरडू कोणते, तांदुळजा कोणता, आणि ह्यांतली कोणती भाजी पहिल्या पावसानंतर करायची, हे त्यांना जेवढे ठाऊक आहे तेवढे आपल्या पुस्तकांत नाही. मात्र ओळख पक्की पटल्याशिवाय कोणतेही पान मुलांनी तोंडात घालू नये, हा नियम कडक ठेवा.

दुसरे काम सफाईचे, आणि ते मोठ्या माणसांचे. माजलेल्या पडिकात नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्यांपैकी कोणीही असू शकते. म्हणून पायांत जाड बूट घालावे, हातात लांब काठी घ्यावी, आधी जमीन आपटत, गवत हलवत जावे आणि मग विळा घालावा. दगडांच्या आणि कौलांच्या ढिगाखाली उघडा हात कधीही घालू नये. पहारीने ढीग दूर ओढावा. दुर्दैवाने कोणाला दंश झालाच तर घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे ह्यांत वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि तडक दवाखाना गाठा. प्रतिसर्पविष दवाखान्यातच मिळते. काच, तारा, फुटकी भांडी वेचून झाल्यावरच मुलांना आत सोडा.

गाजर गवताविषयी दोन शब्द. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत भरले. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानतात. पुढे ते देशभर पसरले, कारण एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो. तेव्हा हातमोजे घालावे, नाका-तोंडाला फडके बांधावे आणि हे काम मुलांना देऊ नये. कुंपणाच्या कडेला जेथे आपण काही लावणार नाही तेथे पावसाच्या तोंडी टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. घाणेरीची गोष्ट वेगळी. ती नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचा खोडाजवळचा गड्डा मातीखालून तोडून बाहेर काढावा लागतो.

हे सगळे कापलेले रान पेटवून द्यावे असा मोह होतो. तसे करू नका. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तो वेगळा विषय आहे. आपल्या तुकड्यावर जाळ केला की वरचा पालापाचोळा, म्हणजे जमिनीचे उद्याचे खत, धुरात जाते, आणि हरळीची खोल मुळी मातीखाली खुशाल जिवंत राहते. त्याऐवजी बी न धरलेले गवत खड्ड्यात किंवा नाडेपच्या टाक्यात घाला. नाडेप हे नाव पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांच्या नावाच्या अक्षरांवरून पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे हे विटांचे टाके. भिंतींना हवेसाठी भोके ठेवायची, आणि पालापाचोळा, शेणपाणी, माती ह्यांचे थर देत जायचे. साधारण चार महिन्यांत काळेभोर खत मिळते. तणनाशक मात्र शाळेच्या आवारात आणूच नये. जेथे लहान मुले हात घालणार आणि तेथलेच खाणार, तेथे ते नको.

आता मुख्य काम, खणतीचे. आधी गुंठ्याचे चार भाग करा. पहिल्या वर्षी एकच भाग खणायचा. तेहतीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी पट्टी. राहिलेल्या तीन भागांत कुदळ घालू नका. तेथले गवत फुलावर येण्याआधी विळ्याने कापत राहा, एवढेच. दोन्हींच्या मधे फूटभर खोल चर काढा आणि दर पंधरवड्याला त्यात नजर टाका. हरळी शेजारच्या भागातून हात लांबवते, ती ह्या चरातच पकडायची.

खणायचे ते चैत्र-वैशाखात. ह्या दिवसांत ऊन हा आपला फुकटचा गडी असतो. कुदळीने किंवा टिकावाने फूटभर खोल खणा आणि ढेकळे उलटी करून तशीच राहू द्या. ती फोडायची घाई नको. दोन-तीन आठवडे ढेकूळ तापले की आतली हरळी सुकते. मग ढेकळे फोडा, दाताळ्याने मुळ्या ओढून काढा आणि दगडावर पसरून कडकडीत वाळवा. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो ती हीच हरळी. देवाला प्रिय असली तरी भाजीच्या वाफ्यात तिला जागा देता येत नाही. कुंपणाबाहेर पूजेपुरती राखावी.

लव्हाळा हरळीहून चिवट. त्याचे पान ओढले तर हातात येते, पण खाली गाठ राहते; आणि एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी दोऱ्यात ओवल्यासारखी माळ असते. म्हणून तो उपटायचा नाही, खणून काढायचा. माती सैल करून गाठी घमेल्यात वेचा आणि उन्हात सुरकुतेपर्यंत वाळवा. ओली गाठ खतात मुळीच टाकू नका, नाहीतर खताबरोबर ती सगळ्या वाफ्यांत हिंडेल. इतके करूनही काही गाठी राहणारच. त्यांचे कोंब वर आले की दर पंधरा दिवसांनी खुरप्याने काढीत राहा. कोंब महिनाभर तसाच ठेवला तर तो नव्या गाठी धरू लागतो. पंधरा दिवसांत काढला तर जुन्या गाठीचा साठा संपत जातो. येथे ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा.

शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे. ही खणती भर उन्हाळ्यातली आहे आणि मे महिन्यात शाळेला सुटी असते. मुलांकडून उन्हात खणून घेऊ नये. हे काम पालकांच्या श्रमदानाचे. मुलांनी फार तर सकाळच्या शाळेनंतर अर्धा तास गाठी वेचाव्या. गाठी मोजायला लावल्या तर गणिताचा तासही होतो. आमच्या शाळेत मुलांनी एका वीतभर चौरसातल्या गाठी मोजल्या आणि त्यावरून साऱ्या पट्टीचा हिशेब मांडला. तो आकडा फळ्यावर पाहिल्यावर, उरलेला गुंठाही लगेच खणा असे म्हणणारे पालक गप्प झाले.

खणतीच्या वेळीच मातीचा नमुना घ्या. पट्टीत पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल तिरका खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडून काढा. बांधाची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती नको. सगळी माती घमेल्यात मिसळा, सावलीत वाळवा, आणि तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देत देत अर्धा किलो उरवा. तेवढी पिशवीत घालून, वर जागेचे नाव लिहून माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवा. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे चौकशी केली तर ते वाट दाखवतील.

मग येतो मृगाचा पाऊस. येथे सगळ्यांचे हात शिवशिवतात. पण एक युक्ती करा. पहिल्या पावसाबरोबर मातीतले तणाचे बी उगवते. ते उगवू द्या. दोन-दोन पाने झाली की उघाड पाहून कोवळ्या उन्हात खुरप्याने वरच्यावर खरवडून काढा. खोल खणू नका, नाहीतर खालचे नवे बी वर येईल. ही एक फेरी केली तर पुढची निम्मी खुरपणी वाचते.

त्यानंतर भाजी नव्हे, ताग पेरा. पट्टीला दीडशे ग्रॅम बी पुरे. पूर्ण गुंठ्याला सहाशे ग्रॅमपर्यंत लागते. ताग भराभर वाढतो, दाट सावली धरतो, आणि हरळी-लव्हाळ्याला सावलीसारखा दुसरा वैरी नाही. शिवाय ताग द्विदल आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. पाणी साचत असेल तर तागाऐवजी धैंचा घ्यावा. दीड महिन्याने, फुले येऊ लागताच, ताग कापून जागच्या जागी मातीत गाडा. जूनअखेरीस पेरला असेल तर हे काम साधारण स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास येते. झेंडावंदन झाल्यावर सगळी शाळा ताग गाडायला जाते, असा रिवाज पाडायला हरकत नाही! पुढे दोन-तीन आठवडे तो कुजू द्या.

गणपती होऊन गेले की वाफे आखा. वाफा तीन फूट रुंद असावा, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो आणि कोणाला वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. मधे दीड फूट वाट. आपल्या आठ फुटी पट्टीत असे दोन लांब वाफे आणि वाट नीट बसते. पूर्ण कुजलेले शेणखत पट्टीला अर्धा क्विंटल घाला. कच्चे शेण घालू नका. त्यातून तणाचे बी येते आणि हुमणीही येते. आणि बी टाकण्याच्या आधी कुंपण! शाळेला सुटी असते, शेळीला नसते. सध्या बोरी-बाभळीच्या काट्या लावा आणि त्यांच्या आत निरगुडीची फाटी खोचा. निरगुडीला गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत.

पहिल्या वर्षी मेथी, मुळा, कोथिंबीर, लाल माठ, पालक एवढेच घ्या. ही पिके महिना-दीड महिन्यात हाताशी येतात, आणि मुलांना लागलीच फळ दिसले पाहिजे. मुलांचे हात धुतलेले पाणी चर काढून वाफ्याकडे वळवा. दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालणार, हे दसऱ्यालाच ठरवून, नावे लिहून भिंतीवर लावा. मी पाहिलेल्या शाळांच्या बागा किडीने मेल्या त्याहून अधिक सुटीने मेल्या आहेत.

दुसऱ्या वर्षी दुसरी पट्टी, तिसऱ्या वर्षी तिसरी. चार वर्षांनी गुंठा पुरा होतो. चार वर्षे म्हणजे फार झाली असे कोणी म्हणेल. पण जी जमीन दहा वर्षे बिघडत गेली, ती अर्ध्या तासात सुधारेल असे मानणे हीच तर माझी चूक होती.

शेवटी त्या मुलीचे सांगतो. आमच्या पहिल्या पट्टीत मेथी आली ती पुढच्या वर्षाच्या थंडीत. जुड्या बांधून मुलांनी स्वयंपाकघरात नेल्या आणि त्या दिवशी आहारात मेथी पडली. पोरांनी वाट्या चाटूनपुसून लख्ख केल्या. पण जिने मला तो प्रश्न विचारला होता, ती पंगतीत नव्हती. ती सातवी होऊन तालुक्याच्या शाळेत गेली होती. भेंडीच्या ओळीला लावलेली तिच्या नावाची पाटी तेवढी माझ्या कपाटात होती. जमिनीचे एक वर्ष फुकट गेले तर ती पुढल्या वर्षी भरून देते. मुलाचे गेलेले वर्ष कोणी भरून देत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या सकाळी शाळेमागे जा. कुदळ नेऊ नका. नुसते पाहून या, आणि चारांतला कोणता एक भाग आधी घ्यायचा तेवढे ठरवा. शेतकरी मंडळींनी आपल्या गावच्या मास्तरांना चैत्रातली दोन सकाळची कामे द्यावीत, एवढी विनंती करतो.